कागद येणे बाकी

निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी नागावच्या बाजारात अजून कोणी ना कोणी मला अडवतंच. "इतकी वर्षं वॉटर पार्कात होतात, म्हणजे सगळ्या घसरगुंड्या फुकटात झाल्या असतील!" माझं उत्तर ठरलेलं आहे. मी पार्कात होते, पाण्यात नव्हते. फाटकालगतच्या एका खोलीत माझं टेबल होतं. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातून पार्किंगमधल्या बसचे टप दिसायचे. पाण्याशी संबंध आला तो फक्त कानांचा. लाटांच्या तलावात लाटा सोडण्याआधी मोठा भोंगा वाजतो आणि पाठोपाठ शेकडो माणसं एकदम किंचाळतात. ते ऐकत मी नोकरी काढली.

माझं काम तारीख बदलून देण्याचं. वाचणाऱ्यांना वाटेल, यात काम ते काय? सांगते. आमच्याकडे पैसे आधी भरून तिकीट काढायचं आणि त्यावर यायची तारीख पक्की करायची, अशी पद्धत. त्या तारखेला किती माणसं येणार यावर भात किती टाकायचा, जीवरक्षक किती उभे करायचे, लॉकरच्या चाव्या किती काढून ठेवायच्या हे सगळं ठरतं. पण सहल ठरवताना माणूस उत्साहात असतो आणि निघायची वेळ आली की तो संसारात असतो. मग फोन माझ्याकडे. नियम असा, की पहिला बदल फुकट, पण तो आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत कळवायचा. दुसऱ्या बदलाला सबळ कारण लागतं, आणि कारणाचा कागद. तिसरा बदल नाही. शिवाय तिकीट काढल्यापासून सहा महिन्यांत आला नाहीत, तर तिकीट बुडालं.

कारण कॉम्प्युटरात भरावं लागायचं. आजारपण, परीक्षा, हवामान, कुटुंबातील दुःखद घटना, इतर. बनवणाऱ्याने जगातल्या सगळ्या अडचणी या पाचात बसवल्या होत्या. बहुतेक तो एकटा राहत असावा.

या टेबलावर बसून मला एक विद्या साधली, ती म्हणजे खोटं कारण ओळखण्याची. खरं कारण असलेला माणूस फोन लागल्याबरोबर सांगून मोकळा होतो. खोटं असलेला आधी विचारतो, "मॅडम, जेवलात का?" मी कधी कोणाला तोंडावर पाडलं नाही. जेवले म्हणायचं आणि तारीख बदलून द्यायची.

खऱ्या कारणांचीच खरी गंमत. पेणच्या एका मूर्तिकाराने आपल्या कारखान्यातल्या कारागिरांना आणायचं ठरवलं होतं. त्याने हवामानाचं कारण देऊन तारीख बदलायला सांगितली. मी म्हटलं, "अहो, पावसात पार्क चालू असतं. तसंही भिजायचंच आहे." तो म्हणाला, "तुमचं चालू आहे हो, पण माझे गणपती वाळत नाहीत. ओल्या अंगाचे साडेतीनशे देव मागे ठेवून मी घसरगुंडीवर बसू?" विसर्जन झाल्यावर ती मंडळी आली. त्यांच्या नखांतला आणि केसांतला वर्षभराचा गुलाबी रंग पाण्यात सुटला आणि जीवरक्षकाने शिट्टी मारून तलाव रिकामा करवला.

कोळीवाड्यातली माणसं आणखी निराळी. ती तारीख कधी सांगायचीच नाहीत, तिथी सांगायची. समुद्राला भांग असला, म्हणजे पाण्याला ओढ नसली, की जाळ्याला फारसं काही लागत नाही, होड्या किनाऱ्यावर बसून राहतात. तेव्हा सहल. त्यांच्यासाठी मी कॉम्प्युटरशेजारी कालनिर्णयाचं पान लटकवून ठेवलं होतं. एकदा असंच भांगाचे दिवस बघून त्यांनी तारीख पक्की केली आणि आदल्या दिवशी नाखवाचा फोन. "मॅडम, म्हावरं लागलंय! भांगाला लागलंय! आता कोण येतंय तुमच्याकडं? आमाला काय पाण्याचं अप्रूप हाय?" मी 'इतर' निवडून चौकटीत 'मासे आले' असं लिहिलं. नाखवाने मनाची टोचणी म्हणून सुक्या बोंबलांची एक जुडी ऑफिसात पाठवली. आमचं ऑफिस एसी होतं. एसीत बोंबील काय करतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. पुढे आठवडाभर खालून वरपर्यंत सगळे माझ्या टेबलापासून लांबून जात होते.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून लागायची. ज्यांची तारीख मी बदलून दिली, त्यातल्या एकानेही नंतर फोन केला नाही. आलो, मजा आली, एवढं दोन शब्दांत सांगायलासुद्धा नाही. मोडलेल्या सगळ्या सहली माझ्याकडे आणि झालेल्या सहली पलीकडे पाण्यात. मी स्वभावाने जरा तिरसट आहे असं घरचे म्हणतात. मला वाटतं, ते त्या टेबलामुळे झालं असावं.

आणि मग एके दिवशी वंदनाचा फोन आला.

वंदना म्हसळ्याच्या आतल्या एका वाडीतली. भाताची शेती, घरटी एक-दोन माणसं मुंबईत, आणि मागे राहिलेल्या बायकांचा बचत गट. ती त्या गटाची अध्यक्ष. भाताची झोडणी आटपली की तीसेक बायकांनी मिळून आमच्या पार्कात यायचं, असं तिने वर्षभर घोकून घोकून ठरवलं होतं. त्यातल्या बऱ्याच जणी लग्न, बारसं आणि दवाखाना यांखेरीज कधी वाडीबाहेर पडल्या नव्हत्या. नवरा नाही, पोरं नाहीत, डोक्यावर काही ओझं नाही, नुसती मजा करायला जायचं, ही त्यांची पहिलीच वेळ. पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतात हा आमचा नियम कळल्यावर एका म्हातारीने वंदनाकरवी विचारलं होतं, नायलॉनची नऊवारी चालेल का? मी वर न विचारताच चालेल म्हणून सांगितलं होतं.

तर वंदनाचा फोन. "मॅडम, तारीख तुमीच बदलता ना? आमाला पुढली द्या."

"देते. कारण काय लिहू?"

"आमचे बाबा उद्यापर्यंत ऱ्हातील असं वाटत न्हाय."

मी विचारलं, "म्हणजे, आत्ता आहेत ना?"

"हायत की. पण तुमचा नियम आदल्या दिवशी सांगायचा हाय. ते थोडीच आदल्या दिवशी सांगून जानार?"

या युक्तिवादात मला एकही भोक सापडलं नाही. बाबा म्हणजे वंदनाचे चुलत सासरे. मुंबईच्या गोदीत नोकरी करून पेन्शनवर गावी आलेले, नव्वदीच्या घरातले. अख्खी वाडी एका आडनावाची, एका भावकीची, आणि बाबा सगळ्या भावकीत वडील. ते गेले की सगळ्या घरांना सुतक, दहा दिवस वाडीतली एक बाई सहलीला निघू शकणार नाही. आणि बायका इकडे पार्कात असताना ते तिकडे गेले, तर मग विचारूच नका. "सासरा जीव सोडत होता नि सुना घसरगुंडीवर होत्या, हे आमाला मरेपर्यंत ऐकावं लागंल, मॅडम," असं वंदना म्हणाली. मी तारीख महिनाभर पुढे ढकलून दिली.

तारीख बदलली आणि बाबा उठून बसले. झालं असं, की शेवटचं बघायला म्हणून मुंबईहून मुलगे, पुतणे, नाती, पणतवंडं झाडून सगळी आली. आलेल्यांना जेवायला म्हणून कोंबडी केली. कोंबडीचा वास माजघरात गेला आणि तीन दिवस पाणीसुद्धा न घेतलेल्या बाबांनी आतून विचारलं, "वडे हायत का भाकऱ्या?"

दुसरी तारीख जवळ आली आणि बाबांना पुन्हा धाप लागली. पुन्हा वंदनाचा फोन. या खेपेला तिच्या आवाजात रड होती. "मॅडम, आता गावातले पुरुष हसाला लागलेत. म्हनतात, तुमची सहल काय व्हत न्हाय नि म्हातारा काय जात न्हाय. बाया पन कंटाळल्या. आता मोडली तर परत या उभ्या ऱ्हानार न्हायत माझ्या मागं."

दुसऱ्या बदलाला कागद हवा. आजारपण येणाऱ्याचंच चालायचं, 'इतर' दुसऱ्या बदलाला चालायचं नाही, आणि उरलेल्यांतलं एकही नीट बसेना. म्हणून मी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'कुटुंबातील दुःखद घटना' निवडलं आणि मुंबईच्या मुख्य ऑफिसात पाठवून दिलं. तिथे या मंजुऱ्या देणारे एक तरुण साहेब होते. वागायला फार सज्जन, पण कॉम्प्युटरात जे आहे तेवढंच जग, असं मानणारे. तासाभरात त्यांचं उत्तर आलं: दुःखात सहभागी आहोत, मृत्यूचा दाखला जोडा.

मी वंदनाला फोन लावला आणि शब्द चाचपडत सांगितलं, की दाखला मागताहेत. ती, "आता गं बाई, दाखला कुठून आनू?" असं म्हणत होती, तेवढ्यात मागून एक खर्जातला आवाज आला. "कसला दाखला? कोनाचा?" थोडी खुडबुड झाली आणि फोन बाबांच्या हातात गेला.

"बोल, बाय."

मी म्हटलं, "बाबा, काही नाही, ऑफिसचा एक कागद हवा होता."

"माझ्या मरनाचा ना?"

"हो."

"तो आता माझ्याकडं न्हाय," बाबा शांतपणे म्हणाले. दम खाल्ला आणि मग म्हणाले, "हयातीचा हाय. पेन्शनसाठी दर वर्षाला बँकेत द्यावा लागतो, त्याची झेरॉक्स काढून ठेवलीय. तो चालंल का बघ तुज्या सायबाला."

वंदनाने तो हयातीचा दाखला फोनवर पाठवला आणि मी तो खरोखरच जोडला. काहीतरी जोडलेलं बरं दिसतं, असा माझा अनुभव होता. साहेबांचं उत्तर आलं: कागद कारणाशी जुळत नाही. मग मीच फोन केला.

"मॅडम, यात तर माणूस जिवंत आहे असं लिहिलंय."

"आहेच ते जिवंत."

"मग दुःखद घटना कोणती?"

"साहेब, तीस बायकांची सहल दुसऱ्यांदा मोडतेय. ही दुःखद नाही का?"

मग त्यांनी माणुसकी आणि नियम यांच्या मधली वाट काढली. मंजुरी दिली, पण मृत्यूचा दाखला नंतर सादर करण्याच्या अटीवर. किती नंतर, ते लिहिलं नाही. माझ्या पडद्यावर वंदनाच्या नावापुढे लाल अक्षरं उमटली: मंजूर, कागद येणे बाकी. शिवाय ठळक अक्षरांत: यापुढे बदल नाही.

नवी तारीख शिमग्याच्या आधीची. शिमगा आला की मुंबईकर गावी येतात, पालखी नाचते, बायकांना चुलीपासून हलता येत नाही, आणि त्यानंतर लगेच तिकिटाचे सहा महिने संपत होते. म्हणजे हीच शेवटची. वंदनाला मी तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "बघू, देवाच्या मनात काय हाय ते." मला देवापेक्षा बाबांच्या मनात काय आहे याचीच काळजी होती.

आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. वंदना. कोणाचीही तारीख सहजासहजी बदलून देणारी बाई मी, पण त्या दिवशी मला ती बदलायचीच नव्हती.

"मॅडम, एक तिकीट वाढवाल का?"

"कोणाचं?"

"बाबांचं. ते म्हनतात, मला घरी ठेवून जाल तर तुमचा सगळा जीव माझ्यात. त्यापरीस मला संगतीच न्या. मी तुमच्या डोळ्यासमोर असलो का मागून फोन येल ही भीती न्हाय."

मी तिकीट वाढवलं. वयाच्या रकान्यात एवढा आकडा त्या कॉम्प्युटरने पहिल्यांदाच बघितला असावा, कारण त्याने मला दोनदा विचारलं, नक्की का?

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा टेबल सोडून फाटकाशी उभी राहिले. दिघीहून जंगलजेटीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीवर, गाड्या चढवून, मुरुडवरून वळणं घेत त्यांच्या दोन मिनीबस आल्या. आधी बायका उतरल्या, ओकाऱ्या काढून दमलेल्या पण नटलेल्या. मग चार जणींनी धरून बाबांना उतरवलं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कोट, आणि कोटाच्या खिशात हयातीचा दाखला. कोणी विचारलंच तर असावा म्हणून. त्यांना आमच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "तारीखवाली कोन यात?" मी पुढे झाले. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू व्हय? आवाजावरून जाडी वाटलीस." मी खरं तर तेव्हाही बऱ्यापैकी जाडी होते. म्हातारपणात नजर जाते त्याचे काही फायदेही असतात.

लाटांच्या तलावाच्या काठाला, सावली बघून, खुर्ची लावली. वंदनाने त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत सारखं करून दिलं आणि पाय पाण्यात सोडले. बायका पाण्यात उतरल्या, पण मन काही उतरेना. एक जण घसरगुंडीवरून खाली आली की निथळत धावत काठाशी यायची, बाबांच्या तोंडाजवळ वाकून श्वास चालू आहे ना ते बघायची आणि परत जायची. मग दुसरी. मग नायलॉनची नऊवारी नेसलेली ती म्हातारी. बाबांना डुलकी लागली, तर एकीने किंकाळीच फोडली आणि दोन जीवरक्षक धावत आले.

शेवटी बाबा वैतागले. "अगं, सारख्या माझ्या नाकाशी काय येताय! त्यो भोंगा वाजतोय ना, तो वाजला का मी हात वर करीन. हात दिसला का समजायचं म्हातारा हाय. मधे कोनी यायचं न्हाय."

तेव्हापासून ठरून गेलं. भोंगा वाजला की काठावर बाबांचा हात वर, आणि पाण्यातून तीस बायकांचा एकदम आवाज, "हाऽऽय!" मग लाटा. पुढच्या भोंग्याला पुन्हा तसंच. बाकीच्या लोकांना वाटलं, हा इथला खेळच आहे. पुण्याहून एका कंपनीचा गट आला होता, त्यांनीही भोंगा वाजताच हात वर करायला सुरुवात केली. दुपारपर्यंत अख्खा तलाव भोंग्याबरोबर हात वर करून "हाऽऽय" ओरडत होता आणि काठावरचा एक म्हातारा आपण मेलो नाही हे सगळ्यांना सांगत होता. मी जेवायची सुट्टी संपली तरी हलले नाही. हसता हसता डोळ्यांना पाणी येत होतं, ते मी तलावातलं उडालं म्हणून पुसलं.

संध्याकाळी निघताना बाबा म्हणाले, "तुज्या सायबाचा कागद राहिला गं."

"राहू दे, बाबा. त्याची घाई नाही."

"घाई न्हाय, पन देनं लागतो मी."

त्यांच्या बस निघून गेल्या आणि लाल अक्षरं माझ्या पडद्यावर तशीच राहिली. दर महिन्याला मुंबईहून आठवण यायची, कागद येणे बाकी आहे, पाठपुरावा करावा. दर महिन्याला मी उत्तर लिहायचे: अद्याप योग आलेला नाही. माझ्या टेबलावर एवढ्या आनंदाने मी दुसरं कुठलंच काम प्रलंबित ठेवलं नाही. पुढच्या साली बायका परत येऊन गेल्या, बाबांना घेऊन. तेव्हा पहिला बदलसुद्धा लागला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, माझी निवृत्ती जवळ आलेली असताना, वंदनाचा नंबर फोनवर दिसला. मी सवयीने विचारलं, "बोल गं, कोणती तारीख हवी?"

"तारीख न्हाय, मॅडम. बाबा गेले. परवा दहावं झालं. झोपेत गेले. आदल्या दिवशी तुमचीच आठवन काढली. म्हनले, त्या तारीखवालीचा एक दाखला आपल्याकडं राहिलाय, तिचा सायब मागत व्हता. मी गेलो का ग्रामपंचायतीतून काढा नि तिला पयला पाठवा. पाठवलाय बघा."

मी फोटो उघडला. दाखला रीतसर होता, शिक्का, सही, सगळं. लाल अक्षरांची ती ओळ उघडली आणि दाखला जोडला. कारण बदलायचे आहे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. कारण काय होतं ते मी वाचलं. कुटुंबातील दुःखद घटना. बदलायची गरज नव्हती.

साहेबांचं उत्तर लगेच आलं: कागद मिळाला, विनंती पूर्ण, आपला दिवस आनंदात जावो.

तेवढ्यात बाहेर लाटांचा भोंगा वाजला. खोलीत कोणी नव्हतं, तेव्हा मी हात वर केला.